ताट कुणाचं होतं

विश्रामबाग, सांगली
ता. ९ जून १९४६

चि. चंदनबाला हिस आप्पाचे अनेक आशीर्वाद.

हे चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना उत्तर नाही. टपालखात्याला दोष द्यावा, तर तुझी कार्डं मनुआत्याला बरोबर पोचतात. शाळा बरी आहे, खोली बरी आहे, साताऱ्याला हवा थंड आहे. आत्याला वाचता येत नाही, म्हणून ती कार्डं मीच मोठ्यानं वाचून दाखवतो. त्यात माझं नाव कुठंही नसतं. अगं, बापाला निदान हवा तरी कळवशील की नाही?

एकदा सगळं नीट मांडतो, वर्गात मांडतो तसं. मिरजेच्या सुकुमारशी तुझं लग्न ठरत आलं होतं, ते मोडलं. का मोडलं? तर सुकुमारचा मेहुणा नानासो मगदूम हा माझा जुना विद्यार्थी. त्याच्याकडं माझ्या मानसशास्त्राच्या नोट्सची वही. त्या वहीत मी दरवर्षी सांगतो ते उदाहरण आहे: कु. च., वय आठ. आई वारल्यावर ही मुलगी रोज संध्याकाळी मृत आईसाठी ताट वाढी आणि त्या ताटाशी बोले. असे ब्याण्णव दिवस चालले. वडिलांनी ताट काढून घेतल्यावर तीन आठवड्यांत बरी झाली. त्या दीडशहाण्यानं ओळखलं की च म्हणजे चंदनबाला, आणि सासुरवाडीत जाऊन सांगितलं की पोरीच्या डोक्यात लहानपणापासून बिघाड आहे. झालं! सोयरीक मोडली.

आता यात माझा अपराध काय? मी नाव घेतलं नव्हतं. च अक्षराच्या मुली काय कमी आहेत? चंपा आहे, चतुराबाई आहे, चिंगी आहे. आणि मुलगी शेवटी बरी होते की! पण लोक पहिली ओळ वाचतात आणि वही मिटतात. सत्तावीस वर्षं शिकवतोय, हेच बघत आलोय.

साताऱ्याच्या शाळेत शिकवायला निघालीस तेव्हा तू ट्रंक घेऊन दारात उभी राहिलीस आणि एवढंच म्हणालीस, "लग्न मोडलं त्याचं काही नाही, आप्पा. पण ताट कुणाचं होतं, ते एकदा तरी मला विचारायचं होतंत." दोन महिने मी त्यावर डोकं फोडून घेतोय. कुणाचं होतं म्हणजे? तुझ्या आईचं, आव्वाचं होतं! तिच्या माहेरचं पितळेचं ताट, काठावर तिचं नाव कोरलेलं. मी स्वतःच्या हातानं ते फडताळात ठेवून कुलूप लावलं. यात विचारायचं काय राहिलं?

रागात माणूस काहीही बोलतो. ते मला समजतं, माझा धंदाच तो आहे. पण आता पुरे. सुट्टी मिळेल तेव्हा घरी ये. पुढच्या मार्चात मी निवृत्त होतोय. मग या घरात मी आणि आत्या, आणि आत्या भाजीशिवाय दुसऱ्या विषयावर बोलत नाही.

तुझा
आप्पा


विश्रामबाग, सांगली
ता. ११ ऑगस्ट १९४६

चि. चंदनबाला हिस आशीर्वाद.

टपालवाल्यांचा संप मिटला. महिनाभर मी स्वतःची समजूत घालत होतो की तुझं पत्र कुठल्या तरी पोत्यात अडकून पडलं असेल. पोती उघडली. आत्याला कार्ड आलं. भाद्रपदातल्या आपल्या दशलक्षण पर्वालाही येणार नाहीस, असं त्यात होतं, आणि ते मीच मोठ्यानं वाचलं. आत्या म्हणाली, "परत वाच." परत वाचलं.

इथं माझे हाल कुत्रा खात नाही. कॉलेजात पोरं खिडकीबाहेर बघतात. गावात हळदीच्या दुकानावरची ती खोली तुला माहीत आहे, जिथं मी आठवड्यातून तीन दुपारी पेशंट बघतो. दारावर मी हौसेनं पाटी लावली, 'मानसोपचार'. समोर आहे गुरांचा दवाखाना. आता खेड्यातली माणसं माणसांना मानसं म्हणतात. त्यांनी सरळ अर्थ लावला: समोरचा गुरांचा, हा मानसांचा. तीन वर्षं झाली, लोक गळवं आणि किडके दात घेऊन माझा जिना चढतायत! काल एकानं सुजलेला अंगठा माझ्या नाकापुढं धरला आणि म्हणाला, "डागतर, ह्ये फोडा." मी म्हणालो, मी मनाचा डॉक्टर आहे. तर म्हणतो, "मग माझं बी मन लय दुखतंय ह्या अंगठ्यानं." याला काय बोलणार, तूच सांग.

खरा म्हणावा असा पेशंट एकच आहे. कुंडलचा आकाराम. लढाईवरून, इटलीतून परत आला. जखम नाही, ताप नाही. फक्त बोलत नाही, आणि जेवायलाही उठत नाही. भिंतीकडं तोंड करून बसतो. त्याची बायको अंबूबाई त्याला आठवड्यातून एकदा घेऊन येते. मी प्रश्न विचारतो, तो भिंतीकडं बघतो आणि अंबूबाई माझ्या वहीकडं बघते. परवा म्हणाली, "आवं सायेब, त्यो तर कायच बोलंना. मग तुमी येवढं लिव्हताय तरी काय?" अशा लोकांत मी शास्त्र करतोय.

एक बातमी. माझ्या इंग्रजी नोट्सचं मराठी पुस्तक करायचं ठरलंय. छापखानेवाला घाई करतोय, प्रूफं यायला लागलीत. कु. च. चं प्रकरण त्यात सगळ्यात चांगलं आहे, ते ठेवणारच. मात्र तुझे मूळ शब्द हवेत म्हणून १९३० ची डायरी काढली. तेव्हा मी बंद दाराआडून तुझा शब्द न् शब्द टिपला होता. इंग्रजीत नेल्यावर मूळ वाक्य मी विसरूनच गेलो होतो. ते असं आहे: "जेवा की. दिवस बुडतोय." समासात मी लिहिलंय: बुडणारा सूर्य, मृत्यूचे प्रतीक. माझं मलाच कौतुक वाटलं.

हवं तर च चा व करतो. कु. व. मग तर झालं? उत्तर पाठव. मी रोज पोस्टमनच्या वाटेवर उभा राहतो, तो आता माझी नजर चुकवून सायकल मारतो.

आप्पा


विश्रामबाग, सांगली
ता. १ सप्टेंबर १९४६

चि. चंदनबाला,

आज तुला एक मूर्खपणाचा प्रकार सांगतो. हसशील. निदान हस तरी.

काल अंबूबाई रडवेली होऊन आली. आकाराम तिच्याशेजारी, तोंड भिंतीकडं. म्हणाली, "ह्यो मानूस आता बरा हुईल असं मला काय वाटंना." तिला धीर यावा म्हणून मी तिला त्या मुलीची गोष्ट सांगितली. नाव न घेता, अर्थात. पंधरा वर्षं मी ती इंग्रजीत सांगत आलो, मराठीत तोंडून पहिल्यांदाच निघाली. ताट सांगितलं, संध्याकाळ सांगितली, डायरीतलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, बाई गहिवरली. तर ही विचारते, "आवं, पन आईला कोन 'जेवा' म्हनतंय?"

मी म्हणालो, म्हणजे?

"आईला 'जेव की गं' म्हनत्यात. 'जेवा' म्हंजी समूर बाप्या मानूस हाय. त्या पोरीचा बा हुता न्हवं जित्ता?"

होता, म्हणालो.

"मग बापाला म्हनत आसंल बिचारी. त्यो जेवत न्हवता का काय?"

माझं डोकं असं भडकलं! मी विचारलं, बाई, तुम्ही किती शिकलात? ती म्हणाली, "म्या कुटली शाळंत जातीया. पर माझ्या आईला म्या कवा 'जेवा' म्हनले न्हाई." मी वही मिटली आणि आजची वेळ संपली म्हणून सांगितलं. वेळ संपली नव्हती, अर्धा तास शिल्लक होता. दोघं जिना उतरून गेली.

आता तूच बघ. मुद्दा एक: दुःखात मुलांची भाषा बिघडते, याला आधार आहे. मुद्दा दोन: ताट आव्वाचं होतं, नाव कोरलेलं. मुद्दा तीन लिहायला घेतला आणि सकाळपासून तो मला सापडत नाही. तू आव्वाला 'तू' म्हणायचीस, हे खरं. "आव्वा, तू वेणी घाल की." ते मला ऐकू येतंय अजून. आणि मला तुम्ही. पण कधीतरी, चुकून, तिला तुम्ही म्हणाली असशीलच की! इंग्रजीत हे तू-तुम्ही नाहीच, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

एक कार्ड टाक. लांबलचक नको. 'ती बाई चुकली' एवढेच शब्द पुरेत.

आप्पा


विश्रामबाग, सांगली
ता. ८ सप्टेंबर १९४६

चंदन,

तू कार्ड टाकलं नाहीस. म्हणून आत्याला विचारलं. सोळा वर्षं ती याच घरात, त्याच चुलीपुढं, आणि मी तिला कधीच विचारलं नव्हतं. ती गवारी मोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्यासाठनं वाढायची पोर."

मी म्हणालो, मग आव्वाचं ताट का घ्यायची?

"तुझं ताट वरच्या फळीवर. तिचा हात पुरंना."

म्हणालो, मला सांगितलं का नाहीस? तेव्हा मात्र तिनं गवारी खाली ठेवली. "दार लावून बसायचास. दार वाजवायची बंदी घातलीवतीस. आन् तू कवा इचारलंस, भूपाल? तू तर लिव्हत हुतास."

फळी! सत्तावीस वर्षं शास्त्र शिकवलं आणि मला फळी दिसली नाही!

आव्वा गेली आणि मी दार लावून घेतलं. दिवसभर लिहीत बसायचो, दिवेलागणीला बाहेर यायचो. आपल्यात दिवस बुडाल्यावर जेवत नाहीत. म्हणजे मी तसाच जाऊन पडायचो. मला वाटायचं, हे कुणाच्या ध्यानात नाही. तुझ्या होतं. दार वाजवायचं नाही, म्हणून तू उंबऱ्याबाहेर ताट मांडून बसायचीस आणि हळू बोलायचीस, मला ऐकू तर जावं आणि माझं काम तर मोडू नये, अशा बेतानं. ऐकू येत होतं गं मला. सगळं ऐकू येत होतं. ऐकून मी लिहून घेत होतो!

दिवस बुडतोय म्हणजे दिवस बुडतोय. मृत्यूबित्यू काही नाही. बुडाला की आप्पा उपाशी राहतात, एवढाच त्याचा अर्थ. शेजारचं कुणीही सांगितलं असतं. मी एक जैन माणूस, मला समजू नये?

आणि मग मी ताट काढून घेतलं आणि तुला समोर बसवून म्हणालो, आव्वा आता येणार नाही. तू म्हणालीस, "ठाऊक आहे मला," आणि रडायला लागलीस. ते मी डायरीत प्रतिकार म्हणून नोंदलंय. उपचाराचा भाग म्हणून मी त्या दिवसापासून वेळेवर तुझ्यासोबत जेवायला बसू लागलो. तीन आठवड्यांत बरं कोण झालं, ते आता उघडच आहे.

मला माझा इतका राग आलाय की पुढं लिहवत नाही.

आप्पा


विश्रामबाग, सांगली
ता. ६ ऑक्टोबर १९४६

चि. चंदन,

उत्तर मागत नाही. काय काय केलं तेवढं कळवतो.

छापखान्याला ते प्रकरण परत मागितलं. छापखानेवाला वैतागला, खिळे जुळवून झालेत म्हणाला. मी म्हणालो, मोडा. पुस्तक लांबलं तर लांबलं.

मग वर्गात गेलो. म्हणालो, कु. च. चं पान काढा आणि खोडा. आता नवीन घ्या: मुलीला काहीही झालं नव्हतं. बाप जेवत नव्हता. शिक्षकांनी पंधरा वर्षं चुकीचं सांगितलं. साठ पोरं टकामका बघत राहिली. मागच्या बाकावरून एकानं हात वर केला. मला वाटलं, चला, कुणाला तरी काही भिडलं. तो म्हणाला, "सर, परीक्षेत आलं तर जुनं लिहायचं का नवं?" मी खडू आपटला आणि वर्ग सोडला.

मिरजेला गेलो. नानासो मगदूमनं चहा सांगितला, मी तो घेतला नाही. वही काढायला लावली आणि त्याच्याच समोर त्या पानावर माझ्या हातानं लिहिलं की मुलगी शहाणी होती, चूक माझी आहे, आणि खाली सही केली. तो सुकुमारच्या घरी ती वही परत दाखवायला निघाला होता. मी म्हणालो, बस खाली. ते लग्न परत जुळावं म्हणून मी आलो नाही. ते तुझं तू बघशील, मी आता तुझ्यावर उपचार करणार नाही.

शेवटचं राहिलं होतं अंबूबाईचं. मी त्या दिवशी तिला हाकलून दिल्यावर ती आलीच नव्हती. म्हणून मीच कुंडलला गेलो. ती दारात शेंगा वाळत घालत होती. मी म्हणालो, बाई, तुमचं बरोबर होतं, मी तुम्हाला शाळा विचारायला नको होती. तिला कशाबद्दल बोलतोय तेच आठवेना. मी आठवण करून दिली तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. "आगं बया, ती पोर तुमचीच व्हय!" मग लुगड्याला हात पुसून पाणी आणायला गेली.

तेवढ्यात आतून आवाज आला, "कोन आलंय गं?" आकारामचा! मी उडालोच. मी तिला विचारलं, काय दिलंत? कुठल्या डॉक्टरला दाखवलंत?

"काय न्हाई वो. तुमच्या त्या पोरीचं ध्येनात आलं. म्हनलं, आपुन बी बसून बघावं. रोज येकाच येळंला त्याच्या म्होरं ताट घिऊन बसले. त्यो भित्ताडाकडं, मी त्याच्याकडं. जेवा म्हनायचं आन् गप बसायचं. लय दीस त्यानं बघितलं बी न्हाई. मला रडाय यायचं, पर उटले न्हाई. येक दीस म्हनला, मीट कमी हाय."

म्हणजे तुझा उपाय लागू पडला. मी जो आजार म्हणून शिकवला तो.

जाताना ती मला म्हणाली, "तुमी मानसांचं डागतर न्हवं? मग लेकीकडं जावा की. हितं काय करतायसा?" मी तिला मानस शब्दाचा अर्थ समजावून सांगणार होतो, पण पाणी पिऊन निघालो.

दिवाळीची सुट्टी लागली की मी साताऱ्याला येतो. तू बोलव किंवा बोलवू नकोस. फडताळाचं कुलूप काही उघडेना, किल्ली सोळा वर्षांत कुठं गेली देव जाणे. शेवटी लोहाराला आणून तोडलं. ताट काळं पडलं होतं. आत्यानं चिंचेनं घासून दिलं.

आप्पा


सातारा
ता. १९ ऑक्टोबर १९४६

चि. चंदन,

हे पत्र टपालानं पाठवत नाही, तुझ्या दारातून आत सरकवतोय. मी देवळापलीकडच्या धर्मशाळेत उतरलोय.

आज पाच वाजता मी तुझ्या खोलीपुढं येऊन बसलो, ते तुला ठाऊक आहे. आतून भांड्यांचा आवाज आला आणि थांबला. घरमालकीण बनुबाई दोनदा येऊन विचारून गेली, "आवं, दार वाजवा की! असं काय बसलायसा?" मी म्हणालो, आमच्या घरात दार वाजवायची बंदी आहे. ती मला वेडा समजून निघून गेली. समजू दे.

आत्यानं बांधून दिलेल्या भाकऱ्या आणि वांग्याची भाजी मी ताटात वाढली. नाव कोरलेली बाजू तुझ्याकडं केली. आणि म्हणालो, "जेव की गं. दिवस बुडतोय." हळू म्हणालो, पण तुला ऐकू गेलं असणार. मला तेव्हा ऐकू यायचं.

अगं, किती अवघड आहे हे! पहिल्यांदा म्हणालो तेव्हा आशा होती. दुसऱ्यांदा राग आला. लेक दार उघडत नाही म्हणजे काय, मी काय परका आहे? ताट उचलून निघावं असंही मनात आलं. तिसऱ्यांदा म्हणालो आणि पाठ भिंतीला टेकली. मी पंचावन्न वर्षांचा माणूस एकाच संध्याकाळीत टेकीला आलो. तू आठ वर्षांची होतीस आणि ब्याण्णव दिवस आलीस. आकडा मीच लिहून ठेवलाय.

दार उघडलं नाहीस, ते बरोबर केलंस. ब्याण्णव दिवसांतला हा एक झाला. दिवाळीची सुट्टी संपली की कॉलेजात रजेचा अर्ज टाकीन. इतक्या वर्षांत कधी रजा घेतली नाही, आता देतील. वही आणलेली नाही, त्यामुळं दाराआडून तू काही बोललीस तर मी लिहून घेणार नाही.

ताट उंबऱ्यापाशीच ठेवलंय, वर रुमाल झाकलाय. उद्या पाचला येतो. आज माझंही जेवण राहिलं. तुझी वाट बघत बसलो आणि दिवस बुडाला.

आप्पा